मेलेल्या बाटलीचं बूच

मेलेल्या बाटलीनं घास गिळला, तर त्यावर काय करायचं हे बुचवालीला एकोणीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळचे नऊ चाळीस झाले होते. यंत्राच्या पडद्यावर एक डोंगर उभा होता. म्हणजे रेषाच ती, पण बुचवाली तिला डोंगर म्हणायची. पाण्यात हार्मोन जितकं जास्त, तितका डोंगर उंच. या बाटलीचा डोंगर शंभर भाग उंच असायला हवा होता, निदान पंचाण्णव तरी. तो पंचेचाळीसच होता. तिनं चष्मा पदरानं पुसला आणि पुन्हा पाहिलं. डोंगर काही वाढला नाही.

आता मेलेली बाटली म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वाऱ्यावर जाईल.

शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं हे केंद्र. खाली टाक्या, पंप, पाइप, आणि वरच्या मजल्यावर तीन खोल्यांची प्रयोगशाळा. घाण बसवता येते, गाळता येते, कुजवता येते. पण माणसाच्या शरीरातून आणि औषधांच्या गोळ्यांतून आलेलं एक स्त्री-हार्मोन या सगळ्यातून हळूच निसटून पुढे जायचं. चिमूटभरच. पण पुढे पाटाच्या शेवटाला माशांची पाच तळी होती, आणि माशाला चिमूटही पुरते. ती तळी बुचवालीच्या वहिनीची. गेल्या वर्षी वहिनीनं एक दांडगा नर कापला आणि त्याच्या पोटात अंडी निघाली. वहिनी सहसा कशानं दचकणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी सुरी खाली ठेवून ती बराच वेळ नळाखाली हात धूत राहिली होती.

हे हार्मोन स्टेरॉइडच्या घराण्यातलं. चार कड्या एकीत एक अडकवलेल्या, आणि पहिली कडी सगळ्यांत चिवट. उघड्या हवेतले जिवाणू अशा कड्या प्राणवायूची छिन्नी करून फोडतात. पण त्यासाठी टाकीत रात्रंदिवस हवा फुंकावी लागते, आणि इतकं करूनही उरायचं ते उरायचंच. तेव्हा मॅडमनी उलटा प्रश्न विचारला. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, वयानं बुचवालीपेक्षा बारा वर्षांनी धाकट्या. प्रश्न असा, की जिथे हवाच नाही तिथे, तळाच्या काळ्या गाळात, हे कुणी खातं का? आणि उत्तर असं निघालं की खातं. ज्यानं हवेत जगणारे केले, त्यानंच हवेचं नावही न घेणारे केले, आणि त्यांच्याही पोटाची सोय लावली. घास हार्मोनचा, श्वास नायट्रेटचा. कडी फोडायला प्राणवायू नाही? मग हे जीव तो पाण्याच्या थेंबातून काढून घेतात. बुचवालीला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मॅडम म्हणाल्या, "ताई, काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. कुणालाच उपाशी ठेवलेलं नाही बघा त्यानं."

त्यातही एक गंमत होती. ती पहिली चिवट कडी सरळ फुटत नाही. म्हणून हे जिवाणू बी-बारा जीवनसत्त्वाची मदत घेऊन तिला आधी एक छोटंसं ठिगळ लावतात. त्या ठिगळानं स्त्री-हार्मोनचं पुरुष-हार्मोन होतं, आणि मग ते फुटतं. हे घरी सांगितल्यावर दादा ताटावरच खो खो हसला होता. "म्हणजे बाई फोडता येत नाही म्हणून आधी तिचा बाप्या करायचा, मग फोडायचा."

"करून बघा घरात," वहिनी भाकरी उलटत म्हणाली होती. "कोण फुटतंय ते कळेल."

तर या जिवाणूंना बुचवालीनं अकरा महिने बाटल्यांत पाळलं होतं. पाच जिवंत बाटल्या आणि तीन मेलेल्या. मेलेल्यांत सगळं तेच: तोच गाळ, तेच पाणी, तेवढंच हार्मोन. फक्त त्या कुकरमध्ये तीनदा उकळून मारलेल्या. त्या कशाला? तर जिवंत बाटलीत हार्मोन कमी झालं आणि मेलेलीत नाही झालं, तरच ते जिवाणूंनी खाल्लं असं म्हणता येतं. मेलेली बाटली म्हणजे घरातलं न बोलणारं म्हातारं माणूस. काही करत नाही. पण त्याच्यासमोर खोटं बोलता येत नाही.

आणि आज त्या म्हाताऱ्यानं तोंड उघडलं होतं.

जिवंत बाटल्यांत शंभरातले चार भाग उरत होते, सहा दिवसांत. अशा चार फेऱ्या झाल्या, अहवाल गेला, मंजुरी आली. नवी बंद टाकी सहा दिवसांपूर्वी गाळासकट भरली. टाकीचं गढूळ पाणी इथल्या यंत्राला चालत नव्हतं. ते बाहेर पाठवावं लागे आणि उत्तर यायला तीन आठवडे. म्हणून सगळी भिस्त बाटल्यांवर होती. आज बारा वाजता दादा, जो त्या टाकीचा ऑपरेटर होता, व्हॉल्व्हचं चाक फिरवणार, आणि पाणी पाटानं वहिनीच्या तळ्यांत जाणार. या नव्या पाण्याच्या भरवशावर जुनं पाणी बंद करून वीस दिवस झाले होते. तळी गुडघाभर उतरली होती, आणि बोटाएवढी पिल्लं, वहिनीची बोटुकली, हवेसाठी वर येऊन तोंडं उघडत होती.

आजची ही पाचवी फेरी नुसती खात्रीची होती. मेलेली एक: सत्त्याण्णव. मेलेली दोन: शहाण्णव. मेलेली तीन: पंचेचाळीस.

"जिवंत झाली की काय ही," बुचवाली स्वतःशी म्हणाली. बाहेरून काही शिरलं असेल तर तसं होतं. तिनं बाटली खिडकीशी धरली. पाणी वर नितळ, तळाशी गाळ पहिल्या दिवशी होता तसा. तिनं सुईनं काढलेल्या पाण्यात नायट्रेटची पट्टी बुडवली. पट्टी गडद झाली, अगदी पहिल्या दिवसाइतकी. म्हणजे आत कुणी श्वास घेतलेला नव्हता. श्वास नाही, तर घास कुणी घेतला?

तिची नजर बाटलीच्या तोंडावर गेली. तिथे काळं रबरी बूच होतं.

शेजारच्या दोन मेलेल्यांच्या तोंडांवर मात्र साधी टोपणं होती.

बुचवाली हे नाव तिला टाकीवरच्या माणसांनी ठेवलेलं. हवा जाऊ न देता बूच बसवावं ते हिनंच. जाड रबरी बुचं मोजकीच यायची. जिवंत बाटल्यांतून रोज सुईनं पाणी काढावं लागे, आणि सुई काढली की रबर आपोआप मिटतं, म्हणून ती बुचं जिवंत बाटल्यांना. मेलेल्यांचं पाणी पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच तपासायचं. त्यांना आतून पांढरा गुळगुळीत थर लावलेली साधी फिरकीची टोपणं. हे तिनंच ठरवलं होतं, अकरा महिन्यांपूर्वी, मायेनं. लेकरांना चांगलं द्यायचं. मेलेल्यांना काय, काहीही चालतं. मॅडमनी पाहिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "छान केलंत ताई, बुचं वाचली."

सहा दिवसांपूर्वी मेलेल्या तीनच्या टोपणाला आवळताना तडा गेला. दुसरं टोपण नव्हतं. तिनं जिवंत बाटल्यांच्या डब्यातलं एक नवं बूच घेतलं आणि वहीत एक ओळ लिहिली: मे-३, टोपण तडकले, रबरी बूच लावले. लिहून ती विसरलीही.

स्टेरॉइडला पाणी फारसं आवडत नाही. त्याला तेलकट, रबरी वस्तू जवळच्या वाटतात. हे तिला माहीत होतं. या खोलीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं. माहीत असलेलं योग्य वेळी आठवत नाही, माणसाची फसगत होते ती तिथेच.

म्हणजे अकरा महिने पाच बाटल्यांत कोण जेवत होतं? गाळातले जीव, की तिची बुचं?

तिनं मॅडमना फोन लावला. बंद. मॅडम खालच्या सभागृहात होत्या. मोठे साहेब आले होते, आणि साहेबांच्या बैठकीत फोन दाराशी जमा करायची पद्धत होती. ती जिना उतरून दाराशी गेली. रखवालदार म्हणाला, "साडेअकराला सुटतील. आत कुणाला सोडायचं नाही."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठीपण नाही. काल एकानं चहाची चिठ्ठी पाठवली आणि साहेब माझ्यावर घसरले."

जिना पुन्हा चढताना एक मन तिच्याशी बोलू लागलं. ते मन वाईट नव्हतं, थकलेलं होतं. ते म्हणालं, एकाच बाटलीचं तर आहे. सुई नीट शिरली नसेल. पुढे कधी कुणी विचारलंच तर वहीत ओळ आहे. पाणी आज सुटू दे, पिल्लं तरी वाचतील. उद्या शांतपणे बघ. तिनं पायरीवर क्षणभर कठड्याला हात लावला. मग म्हणाली, "देवा, मला उद्यापर्यंत थांबवू नकोस," आणि वर गेली.

खरं काय ते बुचालाच विचारायला हवं होतं. बूच कापायचं, कोमट अल्कोहोलमध्ये हलवायचं, जे सुटून येईल ते यंत्राला पाजायचं. मेलेल्या तीनचं बूच एक, आणि तुलनेला जिवंत बाटलीचं एक.

पण जिवंत बाटलीचं बूच काढायचं म्हणजे आत हवा जाणार. एरवी दर फेरीला नवं बूच बसवताना ती नायट्रोजनचा झोत सोडून मगच जुनं काढायची. आज सिलिंडर संपलं होतं, नवं दुपारी यायचं होतं. तिनं पाचांकडे पाहिलं. धाकटीला हात लावावा असं वाटलं, पण धाकटीत गाळ कमी होता, तिच्यावरून कुणी विश्वास ठेवला नसता. तिनं थोरली उचलली, बाटली नंबर एक, जिच्यातून बाकीच्या चार झाल्या होत्या.

बूच निघताना बारीक आवाज झाला. बाटलीत एक रंग घातलेला असतो. हवा नसेल तोवर त्याला रंगच नाही, हवा लागली की गुलाबी. पाण्याच्या वरच्या कडेला एक गुलाबी रेघ उमटली, मग ती खाली पसरू लागली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. बुचवालीनं तिच्याकडे पाठ केली आणि रबर कापायला घेतलं. मग मेलेल्या तीनचं काढलं. तीही गुलाबी झाली. दोन्ही बाटल्यांना तिनं सारखीच नवी बुचं ठोकली आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

दहा वाजून बारा मिनिटं. रबराचे तुकडे कोमट अल्कोहोलमध्ये थरथरत होते. चाळीस मिनिटं तरी द्यायलाच हवीत. तिनं दादाला फोन केला.

"दादा, बारा वाजता चाक फिरवू नकोस."

"का गं? चाक तुझ्या सासरहून आलंय?"

"थट्टा नको. माझ्या हातून चूक झालीय बहुतेक."

पलीकडे पंपाची घरघर ऐकू येत राहिली. मग दादा म्हणाला, "बहुतेक म्हणजे?"

"साडेअकराला सांगते."

"साहेब पावणेबाराला इथे उभे राहणार. त्यांना मी काय सांगू, बहुतेक? आणि तुझी वहिनी सकाळपासून पाटाच्या कडेला बसलीय. तिला तू सांग. मी नाही सांगत, मला संध्याकाळी घरी जायचंय."

"दादा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं?"

"दर आठवड्याला मागतेस." मग त्याचा आवाज खाली आला. "चिमणे, कागद आण. कागद नसेल तर मी नुसता तुझा भाऊ आहे. भावाचं ऐकून इथे कुणी व्हॉल्व्ह बंद ठेवत नाही."

दहा बावन्नला तिनं पहिला थेंब यंत्राला दिला. एका फेरीला वीस मिनिटं. यंत्राला घाई कळत नाही. ते सगळ्यांच्या आयुष्याकडे सारख्याच वेगानं बघतं. बुचवाली स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली. ती रोज बाटल्यांना गुणगुणायची तीच ओळ तिच्या ओठांवर आली, घास तुझा, श्वास तुझा, पण पुढे सरकेना.

अकरा बारा. मेलेल्या तीनच्या बुचाचा डोंगर उभा राहिला: अठ्ठेचाळीस. पाण्यात पंचेचाळीस, रबरात अठ्ठेचाळीस. चोर सापडला होता, आणि तो तिच्याच हातानं घरात ठेवलेला होता.

दुसरा थेंब, थोरलीच्या बुचाचा. पुन्हा वीस मिनिटं. या वीस मिनिटांवर आता सगळं होतं. या बुचातही नव्वदेक निघाले, तर गाळातल्या जिवांनी अकरा महिने काहीच केलं नाही, आणि मॅडमचं सगळं काम म्हणजे रबराची भूक. तिला मॅडमचा चेहरा आठवला, मंजुरी आली त्या दिवशीचा. त्या दिवशी मॅडमनी तिला पेढा भरवावा तसा स्वतःच्या डब्यातला घास भरवला होता.

डोंगर उठला. सत्तेचाळीस.

आणि रेषा खाली येऊन सपाट झाल्यावर, तीन मिनिटांनी, एक टेकडी आली. छोटीशी. दर वेळी ती यंत्राला फक्त स्त्री-हार्मोनच्या वेळेपुरतंच बघायला लावायची. आज गडबडीत तिनं सगळी वेळ उघडी ठेवली होती. तिनं नमुन्यांच्या यादीशी ती वेळ ताडून पाहिली. पुरुष-हार्मोन. सात भाग. मेलेल्या तीनच्या कागदावर त्याच जागी रेषा सपाट होती.

रबर चोरी करतं. पण रबराला ठिगळ लावता येत नाही. बाईचा बाप्या करायचा म्हणजे जिवंत हात लागतात.

तिनं पेन्सिलीनं बेरीज केली. पाण्यात चार, बुचात सत्तेचाळीस, बदललेलं सात. अठ्ठावन्न. उरलेले बेचाळीस खरोखर फुटून गेले होते. म्हणजे ते जेवत होते. पण सहा दिवसांत शंभरातले बेचाळीस, शहाण्णव नव्हे. आणि खालच्या टाकीला रबरी बूच नव्हतं. त्या पाण्यात आत्ता निम्म्याहून जास्त हार्मोन तसंच होतं.

अकरा एकेचाळीस. दोन्ही कागद छातीशी धरून ती जिना उतरली, हवा फुंकणाऱ्या ब्लोअरच्या खोलीवरून, जाळीच्या पुलावरून, धापा टाकत.

व्हॉल्व्हपाशी सगळे जमले होते. मोठे साहेब, त्यांच्याबरोबरचे दोन इंजिनिअर, मॅडम. दादा चाकावर हात ठेवून उभा होता. पाटाच्या कडेला वहिनी, साडी खोचलेली, शेजारी रिकामी बादली.

"मॅडम, जरा इकडे."

मॅडमनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. बुचवालीनं कागद दिले आणि हळू आवाजात पाच वाक्यांत सगळं सांगितलं. मॅडम वाचत होत्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग पांढऱ्या.

"एकच बूच आहे हे," त्या म्हणाल्या.

"दोन आहेत. एक मेलेलीचं, एक थोरलीचं."

"थोरली उघडलीत?"

"उघडली."

मॅडमनी डोळे मिटले. "ताई, हे दुपारनंतर नाही का सांगता येणार? साहेब एक वाजता जातील. मग आपण शांतपणे..."

"तोवर पाणी तळ्यात गेलेलं असेल मॅडम."

"काय चाललंय?" साहेब म्हणाले. "बारा वाजत आले."

पाटात कोरडा गाळ तडकून पडला होता. बुचवालीला वाटलं, आता मॅडम कागद घडी करून खिशात ठेवणार. आणि ठेवले असते तर काय करायचं, हे तिला खरंच माहीत नव्हतं. मॅडमची बोटं घडीवर गेलीही. मग त्यांनी कागद उलगडून साहेबांपुढे धरले.

"सर, आज पाणी सोडता येणार नाही. आमचा आकडा चुकीचा आहे. जिवाणू काम करतात, पण आम्ही सांगितलं त्याच्या निम्म्यापेक्षा कमी वेगानं. बाकीचं बाटलीच्या बुचानं शोषलं."

"बुचानं," साहेब म्हणाले.

"माझ्या बुचानं," बुचवाली म्हणाली. "कुठलं बूच कुणाला, ते मी ठरवलं होतं."

"आणि मी ते बघून छान म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या.

साहेब कागदाकडे बघत राहिले. "अकरा महिने," ते म्हणाले. "मी या टाकीबद्दल किती ठिकाणी बोललोय, माहितीये? परवाच एका सभेत टाळ्या घेतल्यात."

"टाळ्या परत मागत नाहीत हो साहेब," दादा म्हणाला. "पाणी मात्र परत आणता येत नाही." आणि त्यानं चाकाला साखळी घातली. कुलूप लावल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

साहेब काही बोलणार होते. पण वहिनी उठून पुढे आली होती.

"काढा ते कुलूप," ती दादाला म्हणाली.

"अगं ऐक तरी..."

"मी ऐकलंय. मी बहिरी नाही." ती बुचवालीकडे वळली. "वन्सं, माझी पिल्लं संध्याकाळपर्यंत टिकणार नाहीत. वीस दिवस तुम्ही थांब म्हणालात, मी थांबले. आता आणखी किती?"

"माहीत नाही वहिनी."

"अंदाजानं?"

"अंदाजानंच तर ही वेळ आली. तीन आठवडे, पाच आठवडे. पुन्हा मोजल्याशिवाय नाही सांगणार."

"आणि हे पाणी सोडलं तर?"

"आज जगतील. पुढच्या वर्षी नराच्या पोटात अंडी निघतील."

वहिनीचा हात कमरेवर गेला, मग खाली आला. तिच्या गळ्याची शीर उडताना बुचवालीला दिसत होती. या बाईनं आपल्याला एक मुस्कटात मारावी, असं तिला क्षणभर वाटलं. निदान मोकळं तरी झालं असतं. पण वहिनी तळ्यांकडे बघत होती. ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होती.

"पाचातली दोन खोल आहेत," ती अखेर म्हणाली. "तीन तळ्यांतलं पाणी पंपानं त्या दोनांत ओढायचं. पिल्लं जाळ्यानं काढून बादलीतून न्यायची. गर्दी होईल, पण पाणी खोल राहील. मात्र उन्हं कलायच्या आत व्हायला हवं. पंप कोण देतंय?"

सगळे साहेबांकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघता," साहेब म्हणाले. "ऑपरेटर, केंद्रात सुटे पंप किती आहेत?"

"दोन आहेत साहेब. कागद लागेल."

साहेबांनी बुचवालीचा एक कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहिल्या, सही केली. "चालेल?"

"पळेल," दादा म्हणाला.

वहिनीनं बादली उचलली आणि बुचवालीच्या हातात दिली. जरा जोरातच. "तुमच्या बुचापायी हे. धरा."

ती सगळी दुपार चिखलात गेली. दादानं पंप लावले. वहिनी जाळं ओढायची, बुचवाली बादल्या वाहायची. मॅडम चपला काठावर काढून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून मधोमध उभ्या होत्या आणि बादली हातोहात पुढे देत होत्या. बोलायला कुणाला वेळ नव्हता. पाण्यातून काढलेली पिल्लं बादलीत चमकायची आणि दुसऱ्या तळ्यात पडताच दिसेनाशी व्हायची. काही पडून वरच तरंगली. वहिनी ती वेचून बाजूला ठेवत होती, एकेक, न बघता.

तिसरं तळं रिकामं होत आलं तेव्हा मॅडमनी मनगटानं कपाळ पुसलं. कपाळावर चिखलाची पट्टी उमटली.

"पुढची फेरी काचेच्या झाकणांत," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांना सारखी," बुचवाली म्हणाली. "मेलेल्यांनाही."

"आणि यंत्र पूर्ण वेळ उघडं. ती टेकडी... ताई, ती टेकडी आपल्याला कधी दिसलीच नसती."

"हं," बुचवाली म्हणाली आणि पुढची बादली दिली.

"थोरली गेली का?"

"गुलाबी आहे."

मॅडमनी बादली पुढे दिली.

दोन दिवस थोरली तशीच होती. बुचवाली सकाळी आली की आधी तिकडे बघायची, मग पिशवी ठेवायची. पण तळाच्या या जिवांचं एक असतं. थोडी हवा आली म्हणून ते लगेच मरून जात नाहीत. आलेली हवा आधी संपवतात, मग पुन्हा आपल्या जुन्या श्वासाला लागतात. जगले असतील तर.

तिसऱ्या सकाळी थोरलीचं पाणी बिनरंगाचं होतं.

बुचवालीच्या तोंडून मॅडमना हाक निघणारच होती. तिनं ती गिळली. आधी शेजारची मेलेली तीन उचलली, जिला तिनं त्याच वेळी, तेवढीच हवा लागू दिली होती आणि तसलंच बूच ठोकलं होतं. खिडकीशी नेऊन उजेडात धरली. ती अजून गुलाबीच होती.

मग तिनं हाक मारली.